छिन्नमनस्कता : तुरुंगाच्या भिंतीपासून घराच्या उंबरठ्यापर्यंत

मराठी भाषेंत 'वेड' हा शब्द आपण फार सैल हातानें वापरतों. भक्ताला देवाचें वेड असतें, तरुणाला नाटकाचें वेड असतें, आई तान्ह्या लेंकरासाठीं वेडी होते. एखादा माणूस अडचणीच्या प्रश्नाला बगल देऊं लागला, म्हणजे तो 'वेड घेऊन पेडगांवला जात आहे' असें आपण म्हणतों. म्हणजे वेड हें सोंगही असूं शकतें, अशी शंका आपल्या भाषेनें आधींच घेऊन ठेविली आहे. या सर्व वापरांच्या गर्दींत, ज्याला खरोखर आजार झाला आहे तो मनुष्य मात्र झांकला जातो. आज ज्या आजाराविषयीं बोलावयाचें आहे त्याचें वैद्यकांतील नांव स्किझोफ्रेनिया. मराठींत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात. हा आजार म्हणजे काय, त्याचीं लक्षणें कोणतीं आणि औषधांनीं त्यावर कितपत ताबा मिळतो, हें सांगावयाचें आहेच. परंतु त्याबरोबर एक इतिहासही सांगावयाचा आहे. तो अंबडपासून पंचवीस-तीस किलोमीटरांवर असलेल्या जालना शहरावरून जातो, म्हणून तो आपल्या घरचाच आहे.

अंबड हें जुनें गांव. माशाच्या आकाराच्या टेकडीवरील मत्स्योदरी देवीचें स्थान, अहल्याबाई होळकरांनीं केलेला त्या देवालयाचा जीर्णोद्धार, नवरात्रांतील यात्रा यांमुळें तें सर्व मराठवाड्याच्या परिचयाचें आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता, व जालना हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत, म्हणजे १ मे १९८१ पर्यंत, अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे. त्या जुन्या काळीं एखाद्या घरांतील विशी-बाविशीचा मुलगा एकलकोंडा झाला, एकटाच पुटपुटूं लागला, अन्नांत विष घातल्याचा आळ सख्ख्या भावावर घेऊं लागला, तर घरच्या माणसांपुढें तीन वाटा असत. पहिली वाट देवस्थानाची किंवा भगताची. कोणी करणी केली आहे काय, बाहेरची बाधा झाली आहे काय, याचा शोध तेथें चाले. दुसरी वाट वैद्याची अथवा हकिमाची. आणि या दोन्ही वाटा खुंटल्या म्हणजे तिसरी उरे, ती खांबाला बांधलेल्या दोराची.

यांपैकीं वैद्याची वाट दुबळी होती असें मात्र नव्हे. चरकसंहितेंत उन्मादाचें स्वतंत्र प्रकरण आहे. वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक व आगंतुक असे त्याचे पांच प्रकार तेथें मानले आहेत. पहिले चार शरीरांतील दोषांमुळें होणारे, व पांचवा देव, गंधर्व, पिशाच इत्यादींच्या बाधेनें होणारा. युनानी हकीमही 'मालीखोलिया' या नांवानें मनोविकारांचें निदान करीत, व त्याचें मूळ शरीरांतील रसांच्या बिघाडांत शोधीत. शरीरांतील बिघाडानें मन बिघडूं शकतें, हा विचार आपल्याकडे परका नाहीं. परंतु बाधेची कल्पनाही त्याच्या शेजारीं पहिल्यापासून ठाण मांडून बसलेली आहे, आणि खेड्यापाड्यांतून व्यवहारांत तिचाच अंमल अधिक चालला.

इंग्रजी अमलांत चौथी वाट निघाली, ती वेड्यांच्या इस्पितळाची. १८५८ सालीं त्यासंबंधीं कायदा झाला. नागपुरास १८६४ मध्यें, रत्नागिरीस १८८६ मध्यें व ठाण्यास १९०१ मध्यें अशीं इस्पितळें उभीं राहिलीं. पुण्याजवळ येरवड्याचें इस्पितळ तर सर्वांच्या तोंडीं इतकें बसलें कीं, 'येरवड्याला पाठवावें लागेल' ही थट्टेची म्हणच होऊन बसली. पुढें १९१२ सालीं नवा कायदा आला. या इस्पितळांची कल्पना मुळांत उपचारापेक्षां बंदोबस्ताची होती. उंच भिंत, कुलूप, पहारेकरी, आणि आंत येणाऱ्या माणसाच्या नांवावर मॅजिस्ट्रेटचा हुकूम, असा तो थाट असे. समाजाला वेड्याचा उपद्रव होऊं नये हा पहिला हेतु. वेड्याला बरें वाटावें हा झाला तर दुसरा.

निजामी संस्थानांत तर या दोन गोष्टींमधलें अंतर आणखीच कमी होतें. हैदराबाद शहरांत वेड्यांचें स्थान प्रथम तुरुंगाच्या आवारांतच होतें. ज्यानें गुन्हा केला तो, आणि ज्याचें मन आजारी आहे तो, अशा दोघांना एकच कोट पुरेसा आहे, असें त्या काळच्या राज्यकारभाराला वाटत होतें. पुढें संस्थानाचें हें मनोरुग्णालय मराठी मुलखांत, आपल्या जालन्यास आलें. तेलंगी, कानडी, मराठी आणि उर्दू बोलणाऱ्या या विस्तीर्ण संस्थानाच्या मनोरुग्णांचें मुख्य ठिकाण जालना होतें, ही गोष्ट आज जालन्यांतही फारशी कोणाच्या स्मरणांत नाहीं. १९५३ सालीं हें रुग्णालय जालन्याहून हलवून हैदराबाद शहराच्या एर्रागड्डा भागांत नेण्यांत आलें, व तें आजही तेथें आहे. हें १९५३ साल श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. या इतिहासाचा कांटा त्याच सालाभोंवतीं फिरतो.

परंतु पुढें जाण्यापूर्वीं, भिंतीच्या आंत ठेवलेल्या या माणसांना झालें होतें तरी काय, हें पाहिलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनींत एमिल क्रेपेलिन या वैद्यानें वर्षानुवर्षें रुग्णांच्या नोंदी ठेवून असें दाखविलें कीं, वेड हा एकच विकार नव्हे. कांहीं रुग्णांचें मन उन्माद व औदासीन्य यांच्या लाटांवर चढतें-उतरतें आणि मधल्या काळांत पूर्ववत् होतें. दुसऱ्या कांहींना ऐन तारुण्यांत आजार जडतो आणि मनाची घडीच हळूहळू विसकटत जाते. या दुसऱ्या प्रकाराला त्यानें अकाली बुद्धिनाश अशा अर्थाचें नांव दिलें. झूरिक येथील ऑयगेन ब्लॉयलर यांना तें नांव पटेना. कारण बुद्धि नष्ट होतेच असें नाहीं, आणि प्रत्येक रुग्णाचा शेवट वाईटच होतो असेंही नाहीं. १९०८ सालीं बर्लिन येथील एका व्याख्यानांत त्यांनीं 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द योजिला, व १९११ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. मनाच्या विचार, भावना व इच्छा या शक्ति एकमेकींपासून तुटतात, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. एका देहांत दोन माणसें राहतात असा जो समज कथा-चित्रपटांनीं पसरविला आहे, त्याचा या आजाराशीं कांहीं संबंध नाहीं.

आतां लक्षणें. त्यांचे तीन वर्ग करतात. पहिल्या वर्गांत जें नसावें तें मनांत उत्पन्न होतें. कोणी बोलत नसतां आवाज ऐकूं येतात. ते बहुधा निंदा करतात, हुकूम सोडतात, किंवा दोघे-तिघे मिळून रुग्णाविषयींच चर्चा करीत असतात. रुग्णाला हे आवाज कल्पना वाटत नाहींत. आपण आतां माझा आवाज जितका स्पष्ट ऐकत आहां, तितकाच तो त्यांना स्पष्ट ऐकतो. याच वर्गांत भ्रम येतात : शेजारी कट करीत आहेत, पोलीस पाठीवर आहेत, आपल्या मनांतील विचार सर्व गांवाला कळतात, बाहेरची कोणती तरी शक्ति आपले हातपाय चालविते. कित्येक रुग्णांना तर असें वाटतें कीं, नभोवाणीवरील निवेदक आपल्यालाच उद्देशून खुणेनें बोलत आहे. हें भाषण ऐकणाऱ्यांत असा कोणी असेल, तर त्याला धीरानें एवढेंच सांगावयाचें कीं, मी सर्वांशीं बोलत आहें. आणि आपल्याला वाटणारी ही भीति औषधानें कमी होऊं शकते. विचारांची सांखळी तुटणें, बोलतां बोलतां एका विषयावरून भलत्याच विषयावर जाणें, हेंही याच वर्गांत येतें.

दुसऱ्या वर्गांत जें असावें तें ओसरतें. बोलणें कमी होतें, चेहऱ्यावरील भाव मालवतात, स्नान, जेवण, कपडे यांकडे लक्ष राहत नाहीं, मित्र सुटतात, शेत किंवा नोकरी सुटते. घरच्यांना हा आळस वाटतो, आणि येथें फार मोठा अन्याय होतो. कारण आवाज ऐकणाऱ्या मुलाला निदान आजारी समजतात, पण अंथरुणावर पडून राहणाऱ्याला 'ऐतखाऊ' म्हणून टोचून बोलतात. वास्तविक दोन्ही एकाच आजाराचीं रूपें आहेत. तिसऱ्या वर्गांत लक्ष, स्मरण व योजना करण्याची शक्ति मंदावते. बाजारांतून चार जिनसा आणणें, किंवा वाचलेलें पान ध्यानांत ठेवणेंही जड जातें.

जगांत अदमासें तीनशें-साडेतीनशें माणसांत एकाला हा आजार असतो. पुरुषांत तो बहुधा विशीच्या आसपास, व स्त्रियांत थोडा उशिरां प्रकट होतो. त्याचा कांहीं अंश वंशपरंपरेनें येतो. परंतु एकाच गर्भपेशीपासून झालेल्या जुळ्यांपैकीं एकाला तो झाला, तर दुसऱ्याला होतोच असें नाहीं, निम्म्याहून कमी वेळां होतो. म्हणजे रक्ताबरोबर इतर कारणेंही आहेत. गर्भावस्थेंतील व जन्मवेळच्या अडचणी, कोवळ्या वयांत लागलेलें गांज्याचें व्यसन, यांनीं धोका वाढतो. आईनें वाढविण्यांत चूक केली म्हणून हा आजार होत नाहीं. कोणाच्या करणीनें होत नाहीं. आणि लग्न लावून दिल्यानें तो बरा होत नाहीं. हा शेवटचा समज आपल्या भागांत फार घरें बुडविणारा आहे. त्यांत एकाऐवजीं दोन जीव अडकतात, आणि दुसरा बहुधा परघरची अजाण मुलगी असते.

अशा या आजारावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कोणते उपाय होते? १९३३ सालीं मानफ्रेड झाकेल यांनीं इन्सुलीन टोचून रुग्णाला बेशुद्धींत नेण्याची पद्धति प्रसिद्ध केली. १९३४ मध्यें मेडुना यांनीं औषधानें आंचके आणण्यास आरंभ केला. १९३८ मध्यें इटलींत चेर्लेत्ती व बिनी यांनीं विजेचा प्रयोग केला. आज भूल देऊन केला जाणारा त्याचा सुधारलेला प्रकार निवडक रुग्णांना अद्याप उपयोगी पडतो. १९३५ मध्यें पोर्तुगालांत मोनिझ यांनीं मेंदूचे धागे कापण्याची शस्त्रक्रिया सुरूं केली. तिला १९४९ सालीं नोबेल पारितोषिकही मिळालें, आणि कांहीं वर्षांतच तिनें माणसें मुकी-मंद होतात हें ध्यानीं येऊन जगानें तिच्याकडे पाठ फिरविली. कित्येक रुग्ण तर इतकेही उपचार न मिळतां नुसते भिंतीआड वृद्ध होत. १९४६ सालीं, नाशिकास जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें अहवाल दिला, तेव्हां सुमारे चाळीस कोटि लोकवस्तीच्या अखंड हिंदुस्थानांत मनोरुग्णांसाठीं अवघ्या दहा हजारांच्या आसपास खाटा होत्या.

यानंतर जें घडलें त्यांत आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. सर्पगंधा ही वनस्पति उन्मादावर देण्याची चाल आपल्याकडे जुनी होती. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं रक्तदाब आणि उन्माद या दोहोंवर तिचा उपयोग होतो असें लेख लिहून मांडलें. १९४९ सालीं मुंबईचे डॉक्टर रुस्तुम जाल वकील यांनीं रक्तदाबावरील तिच्या गुणाचा अनुभव इंग्लंडांतील हृद्रोगविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध केला, आणि पाश्चात्य जगाचें लक्ष तिच्याकडे वळलें. १९५२ मध्यें स्वित्झर्लंडांत तिच्या मुळींतून रिसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. १९५३ सालीं अहमदाबादचे डॉक्टर हकीम यांनीं मनोरुग्णांवरील तिच्या उपयोगाचा निबंध वाचला, व १९५४ मध्यें न्यूयॉर्कचे नेथन क्लाइन यांनीं आपल्या रुग्णालयांतील अनुभव जाहीर केला. रिसर्पिन फार काळ टिकलें नाहीं. त्यानें मनाला उदासीनता येते अशी भीति होती आणि त्याहून सरस औषध हातीं आलें होतें. तथापि मनाच्या या विकारावर तोंडानें घेण्याचें औषध असूं शकतें, हा विश्वास जगाला पटविण्यांत या मुळीचा भाग होता.

तें सरस औषध म्हणजे क्लोरप्रोमझिन. त्याचें कूळ रंगांच्या रसायनशास्त्रांतील. फ्रान्समधील आंरी लाबोरी हे लष्करी शस्त्रवैद्य, शस्त्रक्रियेच्या वेळीं शरीराला बसणारा धक्का कमी करण्यासाठीं तें वापरीत असतां, रुग्ण झोंपीं न जातांही विलक्षण शांत होतो हें त्यांनीं पाहिलें. १९५२ सालीं पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयांत ज्यां दले आणि प्येर देनिकेर यांनीं तें मनोरुग्णांना दिलें. केवळ आरडाओरडा थांबला एवढेंच नव्हे. आवाज मागें हटले, भ्रमांची पकड सुटूं लागली, वर्षानुवर्षें न बोललेले रुग्ण बोलूं लागले. थोड्याच वर्षांत हें औषध सर्व जगांत पोंचलें.

आतां तें १९५३ साल पुन्हां समोर घेऊं. ज्या सुमारास भिंतीची गरज कमी करणारें औषध जगांत येत होतें, त्याच सुमारास जालन्याचें रुग्णालय हैदराबादेस गेलें. त्या वेळीं तें एकाच राज्यांतल्या एका शहरांतून दुसऱ्या शहरांत गेलें होतें. कोणाला त्यांत फारसें वावगें वाटण्याचें कारण नव्हतें. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजीं भाषावार प्रांतरचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यांत आला, हैदराबाद आंध्र प्रदेशांत गेलें, आणि मध्यें राज्याची सीमा उभी राहिली. १९६० सालीं महाराष्ट्र झाला, तेव्हां त्याच्या वांट्यास चार मनोरुग्णालयें आलीं : पुणें, ठाणें, नागपूर व रत्नागिरी. हीं चारही पूर्वींच्या इंग्रजी मुलखांतलीं. मराठवाड्याच्या वांट्यास एकही नाहीं. ज्या जालन्यानें एका मोठ्या संस्थानाचे रुग्ण सांभाळले, त्याच्याच शेजारच्या अंबडच्या माणसाला आपला रुग्ण दोनशें किलोमीटरांहून अधिक दूर येरवड्यास न्यावा लागे. अशा अंतरावर माणूस नेतां येतो, पण त्याला महिन्याच्या महिन्याला पुन्हां दाखवितां येत नाहीं. आणि नव्या औषधाचें सर्व मर्म तर त्या पुन्हां दाखविण्यांतच होतें.

तें कां, हें समजण्यासाठीं औषधाचें काम थोडें पाहिलें पाहिजे. मेंदूंतील पेशी एकमेकींना निरोप पोंचविण्यासाठीं कांहीं द्रव्यें सोडतात. त्यांपैकीं एक डोपामिन. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनीं १९६३ सालीं असें सुचविलें कीं, हीं औषधें डोपामिनचा निरोप जेथें घेतला जातो तीं द्वारें अडवितात. कार्लसन यांना २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. या आजारांत मेंदूच्या कांहीं भागांत डोपामिनचा मारा वाजवीहून अधिक होतो, त्यामुळें क्षुल्लक गोष्टींनाही भलतें महत्त्व चढतें. शेजाऱ्याचें खांकरणें हीही खूण वाटते. औषध तो मारा कमी करतें. झोंप व शांतता कांहीं दिवसांतच येते. आवाज व भ्रम ओसरण्यास मात्र कित्येक आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यांत गुण आला नाहीं म्हणून औषध टाकून देणें, म्हणजे पेरणी झाल्यावर चौथ्या दिवशीं शेत नांगरून टाकण्यासारखें आहे.

१९५८ सालीं बेल्जममधील पॉल यानसेन यांच्या प्रयोगशाळेंत हॅलोपेरिडॉल निघालें. महिन्यांतून एक-दोनदां टोंचून घेण्याचीं औषधें पुढील दशकांत आलीं. गोळी रोज लक्षांत राहत नाहीं किंवा घेववत नाहीं, त्यांना तीं सोयीचीं पडतात. क्लोझापिन या औषधाची कथा निराळीच आहे. १९७५ सालीं फिनलंडांत त्यानें कांहीं रुग्णांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी घटून ते दगावले, व तें मागें पडलें. परंतु १९८८ सालीं अमेरिकेंत जॉन केन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, इतर औषधांना दाद न देणारे रुग्ण निवडून तुलना केली, तेव्हां क्लोझापिननें शेंकडा ३० जणांना, तर क्लोरप्रोमझिननें शेंकडा ४ जणांनाच गुण आला. तेव्हांपासून, नियमित रक्त तपासण्याच्या अटीवर, हट्टी आजारावर तेंच मुख्य औषध मानलें जातें. त्यानंतर रिस्पेरिडोन, ओलान्झापिन इत्यादि औषधें आलीं, व तीं आज आपल्याकडे सर्वत्र वापरलीं जातात.

या औषधांचे त्रास लपविण्यांत अर्थ नाहीं. जुन्या औषधांनीं अंग ताठतें, हात कांपतात, लाळ गळते, एके जागीं बसवत नाहीं. दीर्घकाळानें तोंडाच्या नकळत हालचाली सुरूं होऊं शकतात. नव्या औषधांपैकीं कित्येकांनीं वजन व रक्तांतील साखर वाढते. स्त्रियांची पाळी अनियमित होऊं शकते. हे त्रास वैद्याला सांगितले तर मात्रा बदलतां येते, औषध बदलतां येतें, त्रासावर वेगळें औषध देतां येतें. न सांगतां गोळी बंद करणें हा उपाय नव्हे. पहिल्या आजारांतून बरे झालेल्या रुग्णांचा एक अभ्यास १९९९ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. औषध सोडणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका जवळजवळ पांचपट असल्याचें त्यांत आढळलें. आणि फसगत अशी कीं, गोळी सोडल्याबरोबर आजार उलटत नाहीं. दोन-चार महिने बरे जातात, अंगाचा जडपणा जातो, 'पाहा, औषधावांचून चालतें' असें सर्वांना वाटतें. मग एके रात्रीं आवाज परत येतात.

औषध हा पाया खरा, पण पायावर घर उभें करावें लागतें. जागतिक आरोग्य संघटनेनें १९६० नंतरच्या दशकांत नऊ देशांतील रुग्णांचा अभ्यास आरंभिला. त्यांत आपल्याकडील आग्रा हें एक केंद्र होतें. त्या व त्यापुढील पाहणींत, आपल्यासारख्या देशांतील कित्येक रुग्णांची स्थिति श्रीमंत देशांतल्यांपेक्षां बरी राहिल्याचें दिसलें. त्याचीं कारणें काय यावर पंडितांत वाद आहे. परंतु घरांत सतत टोचून बोलणें व भांडण असलें, तर आजार अधिक वेळां उलटतो, हें मात्र निरनिराळ्या देशांतील अभ्यासांनीं दाखविलें आहे. रुग्णाच्या भ्रमावर वाद घालूं नये आणि त्याला होकारही देऊं नये. 'तुला भीति वाटते हें मला कळतें' एवढें म्हणावें. झेपेल तेवढें काम त्याच्या हातीं द्यावें. आत्महत्येचे विचार बोलून दाखविल्यास ते थट्टेवारी नेऊं नयेत; या आजारांत तो धोका खरा आहे. लोक रुग्णाला भितात, परंतु बहुसंख्य रुग्ण कोणाला इजा करीत नाहींत. उलट त्यांनाच मारहाण व फसवणूक अधिक सोसावी लागते.

कुटुंबाचें हें काम किती मोठें असूं शकतें, याचें उदाहरण मराठी माणसानेंच घालून दिलें आहे. कॅनडांत कॅलगरी येथें प्राध्यापक असलेले डॉक्टर जगन्नाथ वाणी यांनीं, पत्नीच्या दीर्घ आजाराच्या अनुभवांतून, १९९७ सालीं पुण्यास या आजाराविषयीं जागृति करणारी संस्था स्थापिली. तेथें रुग्णांचे नातेवाईक एकत्र बसून एकमेकांना धीर देतात. २००४ सालचा, सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनीं दिग्दर्शित केलेला 'देवराई' हा चित्रपटही वाणी यांच्याच पुढाकारानें निघाला, आणि छिन्नमनस्कता हा शब्द पुष्कळ मराठी घरांत प्रथम त्यामुळें पोंचला.

राज्यकारभारानेंही वळण घेतलें आहे, पण त्यासाठीं फार मोठी किंमत द्यावी लागली. ६ ऑगस्ट २००१ रोजीं तामिळनाडूंतील एरवाडी येथें, दर्ग्याजवळच्या एका निवाऱ्याला आग लागली. तेथील रुग्ण सांखळ्यांनीं बांधलेले होते. २८ जण मृत्यु पावले. आज २०१७ चा मानसिक आरोग्यविषयक कायदा, जो २०१८ च्या मे महिन्यापासून अमलांत आहे, कोणत्याही प्रकारें रुग्णाला सांखळीनें बांधण्यास मनाई करतो, व सरकारी खर्चानें चालणाऱ्या सेवेंतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला देतो. महाराष्ट्रांत २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें, भूत उतरविण्याच्या नांवाखालीं मारहाण करणें हा गुन्हा ठरला आहे. १९८२ सालीं देशाचा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरूं झाला, व १९९६ पासून तो जिल्ह्याजिल्ह्यांतून नेण्यास आरंभ झाला. मोठ्या रुग्णालयाच्या भिंतीऐवजीं जिल्ह्याच्या व तालुक्याच्या दवाखान्यांतून औषध द्यावें, हें त्याचें सूत्र. २०२२ च्या ऑक्टोबरपासून १४४१६ या दूरध्वनि क्रमांकावर मनाच्या त्रासाविषयीं विनामूल्य सल्ला मिळतो. आणि त्याच २०२२ सालीं महाराष्ट्र सरकारनें जालना येथें ३६५ खाटांचें प्रादेशिक मनोरुग्णालय काढण्यास मान्यता दिली. जालन्याहून रुग्णालय गेल्याला तेव्हां जवळजवळ सत्तर वर्षें होत आलीं होतीं.

श्रोतेहो, या निर्णयाचा आनंद आहे, परंतु इतिहासानें शिकविलेली गोष्ट त्या आनंदांत विसरूं नये. नुसती इमारत म्हणजे उपचार नव्हे. इमारत तर निजामाच्या तुरुंगालाही होती. तीव्र आजाराचे कांहीं आठवडे रुग्णालयाचे असतात. त्यानंतरचीं वर्षें घराचीं असतात. अंबडचा एखादा तरुण जालन्याहून बरा होऊन परत आला आणि महिन्याची गोळी संपल्यावर ती जवळच्या दवाखान्यांत मिळाली नाहीं, किंवा मिळूनही 'आतां कशाला' म्हणून कोणीं घेऊं दिली नाहीं, तर तो पुन्हां त्याच खाटेवर जाणार. देवीवर श्रद्धा असेल त्यांनीं मत्स्योदरीच्या पायऱ्या जरूर चढाव्यात; तेथें मनाला मिळणारा दिलासा कोणताही वैद्य हिरावून घेऊं इच्छीत नाहीं. मात्र टेकडी उतरल्यावर दवाखान्याची वाट धरावी, आणि ती लवकर धरावी. कारण आजार सुरूं झाल्यापासून औषध सुरूं होईपर्यंत जितका काळ वायां जातो, तितकें पुढें सावरणें कठीण होतें.

आपल्या आजोबा-पणजोबांपाशीं दोर होता, देवस्थान होतें आणि दूरची भिंत होती. औषध नव्हतें, म्हणून त्यांना दोष देतां येत नाहीं. आपल्यापाशीं औषध आहे. घरांत कोणी एकलकोंडें होऊन आपल्याशींच बोलूं लागलें, तर त्याला काय झालें आहे हें गांवाला सांगावें कीं नाहीं, हा प्रश्न आपण नंतर सोडवूं. त्याला आधीं वैद्याकडे न्यावें.